विश्लेषण : कर्कपेशी ओळखली म्हणजे मारली, असे का होत नाही?

४ एप्रिल २०२४ रोजी आयआयटी मुंबईत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ‘नेक्सकार१९’ या भारतीय बनावटीच्या पहिल्या कार-टी सेल थेरपीचे लोकार्पण झाले. आयआयटी मुंबई, टाटा मेमोरियल आणि आयआयटीतच उभी राहिलेली ‘इम्युनोअ‍ॅक्ट’ ही कंपनी यांनी मिळून ती विकसित केली. परदेशात तीन ते चार कोटी रुपये लागणारा उपचार इथे ४० लाखांच्या घरात आला, ही त्या दिवसाची मोठी बातमी होती. आम्हीही ती दिली.

काही आठवड्यांनी डेस्कच्या पत्त्यावर एका वाचकाचा ई-मेल आला. त्याच्या आईला स्तनाचा कर्करोग होता आणि तो यकृतापर्यंत पसरला होता. हा उपचार तिला मिळेल का, एवढेच त्याने विचारले होते. उत्तर सोपे होते. हा उपचार रक्ताच्या काही ठरावीक कर्करोगांसाठीच आहे. स्तनाच्या कर्करोगासाठी नाही. तसे कळवले. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा विचारले की, या उपचारात टी पेशींना कर्कपेशी ओळखायला शिकवतात असे तुम्हीच लिहिले आहे, मग स्तनाच्या कर्करोगाची ओळख त्यांना का शिकवत नाहीत?

प्रश्न चुकीचा नव्हता. चूक आमच्या मांडणीत होती. रोगप्रतिकारशक्तीबद्दल लिहिताना आपण सगळी गोष्ट ‘ओळख’ या एका शब्दावर आणून ठेवतो. शत्रू ओळखला की तो मेलाच, असा त्याचा अर्थ वाचकापर्यंत जातो. प्रत्यक्षात ओळखणे हे अर्धेच काम आहे. उरलेले काम आहे धरणे, ढकलणे, भोक पाडणे. ते काम शारीरिक ताकदीचे आहे. ते जमेल की नाही, हे मारणाऱ्या आणि मरणाऱ्या अशा दोन्ही पेशींच्या रचनेवर ठरते.

रूपांतरित पेशी म्हणजे काय?

निरोगी पेशी ठरलेल्या वेळी विभागते, नेमून दिलेल्या जागी राहते आणि जुनी झाली की मरते. जनुकांत बिघाड साचत गेला किंवा एखाद्या विषाणूने हस्तक्षेप केला की ही शिस्त मोडते. अशा पेशीला विज्ञानात ‘ट्रान्सफॉर्म्ड’ म्हणजे रूपांतरित पेशी म्हणतात. न्यूयॉर्कमध्ये पेटन राउस यांनी १९११ मध्ये दाखवून दिले की, कोंबडीतील एका प्रकारचा कर्करोग पेशी गाळून काढलेल्या द्रवातूनही दुसऱ्या कोंबडीला होतो. त्या द्रवात विषाणू होता. या कामाला नोबेल मिळायला १९६६ साल उजाडले.

पुढे अशा विषाणूंच्या मदतीने प्रयोगशाळेत निरोगी पेशी रूपांतरित करून काय काय बदलते ते पाहिले गेले. डोळ्यांना सर्वांत आधी दिसणारा बदल होता आकाराचा. काचेच्या तबकडीवर पसरून, घट्ट चिकटून राहणारी पेशी रूपांतरानंतर गोलसर आणि सैल होत असे. निरोगी पेशीला वाढायला टेकायला जागा लागते. रूपांतरित पेशी मऊ जेलमध्ये अधांतरी राहूनही वाढत असे. १९७०च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली यामागचे एक कारण दिसले. निरोगी पेशीत अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे जाड दोर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेले असतात. अनेक रूपांतरित पेशींत ते विरळ झालेले, विस्कटलेले होते.

हे दोर म्हणजे पेशीच्या सांगाड्याचा भाग. शाळेत पेशीचे चित्र काढताना आपण एक गोल काढतो, मधे केंद्रक आणि भोवती रिकामी जागा. त्यामुळे पेशी म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी, असे मनात बसते. तिची खरी तुलना मांडवाशी करावी. वरचे कापड ताठ राहते ते आतले बांबू आणि आवळलेल्या दोऱ्यांमुळे. फरक इतकाच की पेशीतले बांबू आणि दोऱ्या काही मिनिटांत सोडवून दुसरीकडे बांधता येतात. पेशीचा आकार, तिचा टणकपणा, तिचे सरकणे हे सगळे या बांधणीवर चालते.

मारक पेशी नेमके काय करतात?

शरीरात दोन प्रकारच्या मारक पेशी या कामात मुख्य आहेत. पहिल्या, मारक टी पेशी. प्रत्येक पेशी आपल्या आत बनणाऱ्या प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर मांडून ठेवते. टी पेशी त्यातला अनोळखी तुकडा हेरते. पीटर डोहर्टी आणि रॉल्फ झिंकरनागेल यांनी १९७०च्या दशकात ऑस्ट्रेलियात हे तत्त्व शोधले आणि १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. दुसऱ्या, एनके म्हणजे नैसर्गिक मारक पेशी. त्या उलट बाजूने तपासतात. पेशीने ओळखपत्रच लपवले असेल तर संशय घेतात. रूपांतरित पेशी टी पेशींना चुकवण्यासाठी अनेकदा हेच करते, म्हणून ही दुसरी तपासणी महत्त्वाची.

ओळख पटल्यावर टी पेशी लक्ष्याला चिकटते आणि काही मिनिटांत तिचा आकार बदलतो. चिकटलेली बाजू सपाट होते. तिच्या कडेने अ‍ॅक्टिनचे कडे तयार होते आणि मधली जागा मोकळी होते. पेशीच्या आतले, नलिकांचे जाळे जिथून निघते ते केंद्र सरकत सरकत या मोकळ्या जागेपाशी येते. त्या नलिकांच्या रुळांवरून विषाच्या पुड्या तिथे पोहोचतात आणि नेमक्या त्या फटीत रिकाम्या होतात. दोन पेशींमधल्या या व्यवस्थित बांधलेल्या जोडाला ‘इम्युनॉलॉजिकल सिनॅप्स’ म्हणतात. १९९०च्या दशकाच्या अखेरीस त्याची रचना स्पष्ट दिसू लागली.

पुडीत दोन मुख्य घटक असतात. पहिला पर्फोरिन, म्हणजे नावाप्रमाणेच भोके पाडणारे प्रथिन. त्याचे अनेक रेणू लक्ष्य पेशीच्या आवरणात एकमेकांशेजारी रुतून बसतात आणि कडे तयार करतात. त्या कड्याच्या आतले भोक साधारण १० ते २० नॅनोमीटरचे असते. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. दुसरा घटक ग्रॅन्झाइम. तो या भोकांतून आत जातो आणि पेशीची स्वतःला मोडून टाकण्याची यंत्रणा सुरू करतो. पेशी फुटून सांडत नाही. तिचे तुकडे पडतात आणि सफाई करणाऱ्या पेशी ते गिळून टाकतात. टी पेशी सुटून पुढच्या लक्ष्याकडे जाते.

इथे एक शंका येते. पर्फोरिन दोन पेशींच्या मधल्या फटीत सांडते, तर ते मारणाऱ्या पेशीलाच भोके का पाडत नाही? मेलबर्न आणि लंडनमधील संशोधकांनी २०१९ मध्ये याचे उत्तर दिले. टी पेशीच्या त्या बाजूच्या आवरणातले स्निग्ध रेणू खूप दाटीने रचलेले असतात, त्यामुळे पर्फोरिनला शिरायला जागा मिळत नाही. जे थोडे चिकटते ते तिथल्या ऋण विद्युतभारामुळे अडकून निकामी होते. म्हणजे एकाच शस्त्रासमोर एक पेशी वाचते आणि दुसरी मरते, यातला फरक आवरणाच्या बांधणीत आहे.

यात ताकदीचा संबंध कुठे येतो?

बराच काळ असे मानले जात होते की, पुडी रिकामी झाली की टी पेशीचे काम संपले. पुढचे सगळे रसायन करते. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रातील मॉर्गन ह्यूस यांच्या गटाने दाखवले की, टी पेशी विष सोडत असतानाच लक्ष्य पेशीला ओढते आणि ढकलते. हे बळ फुकट जात नाही. त्यामुळे लक्ष्याच्या आवरणावर ताण येतो आणि ताणलेल्या आवरणात पर्फोरिन अधिक सहज भोके पाडते. तेवढेच विष, पण परिणाम जास्त.

पुण्यात ढोल वाजवलेल्या कुणालाही हे वेगळे सांगावे लागणार नाही. सैल कापडावर बोट दाबले तर ते आत जाते आणि परत येते. आवळून ताणलेल्या पानावर टोकदार काही लागले तर ते फाटते. आवरण ताणले की त्यातले स्निग्ध रेणू एकमेकांपासून थोडे दूर होतात आणि मधे काहीतरी घुसवणे सोपे जाते.

याच गटाने २०१९ मध्ये आणखी बारकाईने पाहिले. टी पेशी जोडाच्या जागी अ‍ॅक्टिनची छोटी बोटे बाहेर काढते आणि ती लक्ष्यात खुपसते. ही बोटे तयार व्हायला ‘वॉस्प’ नावाचे प्रथिन लागते. ते नसलेल्या टी पेशी बोटे नीट काढू शकत नाहीत आणि त्यांची मारण्याची क्षमता घटते.

हे प्रथिन केवळ प्रयोगशाळेपुरते नाही. त्याच्या जनुकात दोष घेऊन जन्मलेल्या मुलांना विस्कॉट-अल्ड्रिच सिंड्रोम हा आजार होतो. हा दोष एक्स गुणसूत्रावर असल्याने तो प्रामुख्याने मुलग्यांत दिसतो. अशा मुलांना रक्तस्राव, इसब, वारंवार जंतुसंसर्ग यांचा त्रास होतो आणि लिम्फोमासारख्या कर्करोगांचा धोकाही वाढतो. त्या सगळ्यामागे केवळ ही बोटे आहेत, असे म्हणता येणार नाही. अ‍ॅक्टिनची बांधणी प्रतिकार पेशींना अनेक कामांसाठी लागते. पण शरीरात टी पेशी आहेत, एनके पेशीही आहेत आणि तरीही त्यांचा सांगाडा नीट उभा राहत नसल्याने संरक्षण कमी पडते, याचे हे खरे उदाहरण आहे.

मग कर्कपेशी कशी निसटते?

लक्ष्याच्या बाजूनेही रचना बदलते. याचे निदान तीन मार्ग आतापर्यंत स्पष्ट झाले आहेत.

पहिला मार्ग मऊ होण्याचा. २००७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी रुग्णांच्या छातीत साचलेल्या द्रवातील जिवंत पेशी घेतल्या आणि अत्यंत बारीक सुईसारख्या उपकरणाने त्या दाबून पाहिल्या. पसरलेल्या कर्करोगाच्या पेशी निरोगी पेशींपेक्षा ७० टक्क्यांहून अधिक मऊ निघाल्या. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारख्याच दिसत होत्या. मऊपणाचा कर्कपेशीला एक उघड फायदा असतो, तो म्हणजे अरुंद जागेतून दबून पुढे सरकता येते. दुसरा फायदा नंतर कळला. मऊ पेशीला टी पेशी नीट धरू आणि ताणू शकत नाही.

स्वित्झर्लंडमधील लोझान येथील ईपीएफएल या तंत्रज्ञान संस्थेतील ली टांग यांच्या गटाने २०२१ मध्ये हे थेट तपासले. कर्कपेशींच्या आवरणात कोलेस्टेरॉल जास्त होते आणि त्यामुळे त्या मऊ होत्या. ते कोलेस्टेरॉल काढून टाकल्यावर पेशी टणक झाल्या आणि टी पेशी त्यांना अधिक चांगल्या प्रकारे मारू लागल्या. फरक विषाच्या प्रमाणात पडला नव्हता; टी पेशी लावत असलेले बळ वाढले होते. उंदरांत या पद्धतीला टी पेशींच्या उपचाराची जोड दिल्यावर तो उपचार अधिक परिणामकारक ठरला.

दुसरा मार्ग भिंत उभारण्याचा. लक्झेंबर्गमधील संशोधकांनी २०१८ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी आणि एनके पेशी समोरासमोर ठेवून पाहिल्या. काही कर्कपेशी हल्ला होताच आपले अ‍ॅक्टिन हल्ल्याच्या जागी गोळा करत. अशा पेशींत ग्रॅन्झाइम कमी पोहोचत असे आणि त्या वाचत. अ‍ॅक्टिनची ही जमवाजमव बंद पाडल्यावर त्याच पेशी पुन्हा मरू लागल्या. एनके पेशीने त्यांना ओळखले होते, धरले होते, विषही सोडले होते. ते आत पोहोचत नव्हते.

तिसरा मार्ग ठिगळ लावण्याचा. अमेरिकेतील जेनेनटेक कंपनीच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवले की, पर्फोरिनने भोक पाडले की काही कर्कपेशींतली दुरुस्ती करणारी प्रथिने लगेच त्या जागी धावतात आणि आवरणाचा फाटलेला भाग सांधतात. पंक्चर काढण्याचे हे काम त्यांनी बंद पाडले, तेव्हा टी पेशींचा हल्ला अधिक जीवघेणा ठरला.

या तिन्ही प्रसंगांत ओळख पटलेली होती. तरीही पेशी वाचली.

गाठ टणक लागते, मग पेशी मऊ कशी?

स्तनातली गाठ हाताला टणक लागते, म्हणूनच ती सापडते. मग कर्कपेशी मऊ असते, हे कसे? टणकपणा बहुतेक पेशींचा नसतो, त्यांच्याभोवतीच्या जागेचा असतो. गाठीत कोलॅजनचे तंतू मोठ्या प्रमाणात जमतात आणि एकमेकांत गुंततात. मऊ पेशी या टणक जाळ्यात बसलेल्या असतात.

टी पेशीला याचा दुहेरी त्रास होतो. आधी त्या दाट जाळ्यातून वाट काढायची आणि आत पोहोचल्यावर हाताला न लागणारे मऊ लक्ष्य पकडायचे.

मात्र मऊपणा हे कर्कपेशीचे कायमचे चिलखत नाही. ह्यूस यांच्या गटाने २०२१ मध्ये उंदरांतल्या प्रयोगांतून मांडले की, कर्कपेशी नव्या अवयवात जाऊन स्थिरावू लागते, तेव्हा तिला पसरण्यासाठी अ‍ॅक्टिनची बांधणी वाढवावी लागते. त्यामुळे ती टणक होते आणि नेमकी त्याच वेळी मारक पेशींच्या तावडीत सापडते. म्हणजे पसरण्यासाठी जी रचना सोयीची, तीच जीव धोक्यात घालणारी. प्रत्येक कर्करोगात मऊ-टणकाचे गणित सारखे नसते, आजाराच्या टप्प्यानुसारही ते बदलते, हे यातून दिसते. ‘कर्कपेशी मऊ असतात’ हे वाक्यसुद्धा नियम म्हणून पाठ करू नये.

रक्ताच्या कर्करोगात यश का मिळते?

आता त्या वाचकाच्या प्रश्नाकडे येता येईल. कार-टी उपचारात रुग्णाच्या रक्तातून टी पेशी काढतात, त्यांत एक नवे जनुक घालतात, पेशी वाढवतात आणि रुग्णाला परत देतात. नेक्सकार१९मधल्या टी पेशी बी प्रकारच्या पेशींवर असणारे सीडी१९ हे प्रथिन ओळखतात. रक्तातल्या आणि लसिकाग्रंथींतल्या या कर्कपेशींपर्यंत टी पेशीला पोहोचणे तुलनेने सोपे असते. सीडी१९ जवळपास सगळ्या बी पेशींवर असते. उपचारात निरोगी बी पेशीही मरतात, पण त्यांची उणीव काही काळ भरून काढता येते.

स्तन, फुप्फुस किंवा स्वादुपिंडाच्या गाठीत यातले काहीच सोपे नसते. गाठीतल्या सगळ्या पेशींवर एकच ओळखखूण नसते. जी असते ती कधी कधी निरोगी अवयवांवरही असते आणि मग चुकीच्या जागी हल्ला होण्याची भीती असते. गाठीतले वातावरण टी पेशींना थकवते. ही कारणे अनेकदा सांगितली जातात आणि ती खरी आहेत.

त्यात एक कारण पकडीचेही आहे. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील संशोधकांचा २०२२ मधला अभ्यास इथे महत्त्वाचा ठरतो. कर्कपेशींतली एकेक जनुके बंद करून त्यांनी पाहिले की, कोणते जनुक बंद झाले तर कार-टी पेशी हरतात. घन गाठींच्या पेशींत इंटरफेरॉन गॅमा या संदेशाला प्रतिसाद देणारी यंत्रणा बंद केली, तर त्या वाचू लागल्या. कारण हा संदेश मिळाल्यावर कर्कपेशीवर चिकटण्याचे रेणू वाढतात आणि टी पेशीला पकड मिळते. संदेश गेला की पकड गेली. रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींत मात्र तीच यंत्रणा बंद केली तरी फरक पडला नाही. ओळखण्याचे शिक्षण दोन्हीकडे सारखे होते. घन गाठीच्या पेशीला त्यापुढे जाऊन घट्ट धरावेही लागत होते.

घन गाठींसाठी काहीच झालेले नाही, असेही नाही. अमेरिकेत २०२४ च्या फेब्रुवारीत त्वचेच्या मेलानोमा या कर्करोगासाठी आणि ऑगस्टमध्ये सायनोव्हियल सार्कोमा या दुर्मीळ कर्करोगासाठी टी पेशींवर आधारित उपचारांना मंजुरी मिळाली. ते कार-टी नाहीत, वेगळ्या पद्धतीचे आहेत आणि ठरावीक रुग्णांसाठीच आहेत. पण वाट अगदीच बंद नाही.

हे वाचून लगेच काय करू नये?

ही माहिती कोणत्या रूपात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू शकते, याचा अंदाज असल्याने स्पष्ट लिहिणे भाग आहे. वर ज्या कोलेस्टेरॉलचा उल्लेख आला, ते कर्कपेशीच्या आवरणातले आहे. ते प्रयोगात विशिष्ट रसायनाने काढले होते. रक्ताच्या अहवालातल्या आकड्याशी त्याची गल्लत करू नये. तूप सोडले किंवा कोलेस्टेरॉलची गोळी मनाने सुरू केली म्हणून कर्कपेशी टणक होत नाहीत. या लेखातले बहुतेक निष्कर्ष तबकडीतल्या पेशींवरचे आणि उंदरांवरचे आहेत. पेशी टणक करण्याचे तंत्र माणसात कसे वापरायचे, ते निरोगी पेशींना बाधेल का, टणक झालेली कर्कपेशी दुसरीकडे रुजायला अधिक सक्षम होईल का, हे प्रश्न उपचार होण्याआधी सुटायला हवेत.

मग आपण काय शिकायचे?

एक, ‘इम्युनिटी वाढवा’ ही भाषा सोडायला हवी. बाजारातल्या काढ्या-पावडरींच्या जाहिराती प्रतिकारशक्तीला टाकीतल्या पाण्यासारखे मोजतात. पातळी वाढली की झाले. पण वरच्या उदाहरणांत टी पेशींची संख्या पुरेशी होती, विषही पुरेसे होते. अडचण पकडीची, ताणाची, भिंतीची होती. ती कोणत्याही चूर्णाने सुटत नाही. या जाहिरातींचा एक क्रूर परिणाम असा होतो की, उपचार लागू पडला नाही तर घरचे रुग्णालाच दोष देतात. नीट खाल्ले नाही, मन खंबीर ठेवले नाही, प्रतिकारशक्ती कमी पडली. कर्कपेशीने आपल्या आवरणाला ठिगळ लावले, यात रुग्णाचा काय दोष?

दोन, आम्हा बातमी देणाऱ्यांनी ‘टी पेशी कर्करोग ओळखून नष्ट करतात’ हे वाक्य इतक्या सहज लिहू नये. ‘ओळखून’ आणि ‘नष्ट करतात’ या दोन शब्दांच्या मधे संशोधनाचे एक अख्खे क्षेत्र आहे. ते गाळले की आशा चुकीच्या जागी ठेवली जाते. मग कुटुंबे जमीन विकायला निघतात आणि नंतर त्यांना कळते की हा उपचार आपल्या आजारासाठी नव्हताच.

तीन, आपल्या संशोधनाची पुढची दिशा. नेक्सकार१९ ही तंत्रशिक्षण संस्था आणि कर्करोग रुग्णालय एकत्र आल्यामुळे झाली. ही जोडी मुंबईत आहे, हे महाराष्ट्राचे भाग्य आहे. घन गाठींच्या कर्करोगासाठी ती जोडी आणखी घट्ट हवी, कारण आता लागणारे प्रश्न बळाचे, ताणाचे, पदार्थांच्या गुणधर्मांचे आहेत. मी इंजिनीअरिंग शिकलो, तेव्हा ताण आणि विकृती हे विषय तुळया आणि पत्र्यांवर शिकवले गेले. तेच गणित दहा मायक्रॉनच्या पेशीलाही लागू होते, हे चार वर्षांत कुणी बोलले नाही. जीवशास्त्र बारावीला सोडलेल्या हजारो मुलांना ही दारे असल्याचे माहीतच नाही. अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात पेशीच्या यांत्रिकीचा एक साधा विषय आणला, तर फार खर्च येणार नाही. रुग्णांवरच्या चाचण्यांत गाठीच्या नमुन्यांची ओळखखूण तपासली जाते, तसा पेशींचा मऊपणाही मोजून ठेवावा. कोणाला उपचार लागू पडला आणि कोणाला नाही, हे त्या मोजमापाशी ताडून पाहता येईल. आपल्या रुग्णांची अशी नोंद दुसरे कोणी ठेवणार नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. आपल्याकडे अनेक रुग्ण आजार पसरल्यावरच डॉक्टरांपर्यंत पोहोचतात, जिल्ह्याच्या ठिकाणी साधी तपासणी वेळेत होत नाही आणि तुम्ही पेशीचा मऊपणा मोजायला सांगता? लवकर निदानाला पर्याय नाही, हे मान्यच. गाठ वेळेत सापडणे आजही कोणत्याही कार-टीपेक्षा अधिक जीव वाचवते. पण या दोन गोष्टी एकमेकींच्या पैशांवर उठलेल्या नाहीत. आजार पसरलेल्या रुग्णालाही काही उत्तर देता यावे, म्हणूनच हे संशोधन हवे.

त्या वाचकाला मी शेवटी सविस्तर लिहिले. ओळखायला शिकवणे आता जमू लागले आहे. स्तनाच्या कर्करोगाची पेशी नेमकी निवडणे, तिच्यापर्यंत पोहोचणे, तिला धरून ठेवणे आणि तिचे आवरण भेदणे अजून पुरेसे जमलेले नाही, त्यावर काम चालू आहे. आईसाठी आज उपलब्ध असलेले उपचार कोणते, हे तिच्या डॉक्टरांनाच विचारावे आणि कार-टीच्या नावाने कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत, असेही लिहिले. त्याचे उत्तर आले. निदान कारण कळले, असे त्याने म्हटले होते.